यादीत नसलेल्या वाड्यांचं काय?

प्रति,
माननीय मदत व पुनर्वसन मंत्री, माननीय वनमंत्री, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांना बसणारे सर्व अधिकारी

विषय : डोंगरातल्या वाड्या आणि शेतांतल्या कोप्या (मजुरांच्या झोपड्या) धोक्याच्या यादीत घेण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या श्रावणात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, कातळ संपून माती सुरू होते तिथे, जमिनीला भेग पडली. पंजा सहज आत जाईल एवढी रुंद आणि एका खाचरापासून पार पलीकडच्या खाचरापर्यंत लांब. पोरांनी तिच्यात दगडमाती भरली, चार दिवसांनी ती पुन्हा उघडली. ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज गेला. उत्तर यायला शिमगा उजाडला. तालुक्याच्या एका कार्यालयातून आलेल्या त्या कागदात कामाचं वाक्य एकच होतं : आपले गाव दरडप्रवण गावांच्या यादीत समाविष्ट नाही, सबब सदर ठिकाणी पाहणी प्रस्तावित नाही.

भेग आहे की नाही, हे बघायला कोणी आलंच नाही. यादी महसुली गावांची, आणि आमचं महसुली गाव खाली ओढ्याकाठच्या सपाटीला. ग्रामपंचायत, शाळा, मारुतीचं देऊळ सगळं तिथेच, कारण जीप तिथपर्यंतच जाते. आमची वाडी तिथून वर, पायवाटेने, दम लागेपर्यंत चढून. कागदावर गाव एकच. डोंगर मात्र फक्त आमच्या डोक्यावर आहे.

मी आशा स्वयंसेविका आहे. भीमाशंकरच्या डोंगरात माझं सासर. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एका साहेबाची तक्रार करायची नाही. हे पत्र इथल्या कुठल्याही वाडीच्या नावाने वाचलं तरी चालेल. माझ्या वहीत घरटी नोंद असते : कोण गरोदर, कोणाला टीबीच्या गोळ्या चालू, कोणाची नजर गेली, कोणाला उचलूनच न्यावं लागेल. रात्री पाऊस चढला की त्या नोंदीतली माणसं आधी आठवतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. अर्जाचं उत्तर मिळून झालंय, आता अर्ज करण्यात अर्थ नाही.

यादीचं काय होतं ते इर्शाळवाडीने दाखवलं आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी झोपेत गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवून त्यांना मृत धरलं गेलं. त्यानंतर सरकारनेच सांगितलं की इर्शाळवाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. हे तेव्हा खुलासा म्हणून सांगितलं गेलं. मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. मधे एवढा काळ गेला आणि आमच्या कागदावर तेच वाक्य शिक्का मारून आलं.

आता मोठ्या दरडींच्या तारखा बघा. माळीण 30 जुलै 2014, 151 माणसं गेली. तळिये 22 जुलै 2021, ऐंशीवर माणसं गेली. इर्शाळवाडी 19 जुलै. तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या. यात दैवाचा खेळ काही नाही. मृगापासून महिना-दीड महिना पडलेलं पाणी तोवर मातीत पुरतं मुरलेलं असतं. आमच्या डोंगरात खाली काळा कातळ, वर मुरूम आणि माती, आणि कातळाच्या दोन थरांमधे कुठे कुठे लाल मातीची पट्टी. पाणी मुरत मुरत जिथे अडतं, तिथून वरचा सगळा गोळा सुटतो. त्यात एका रात्रीत धो-धो आला की संपलं. दरड यायच्या आधी डोंगर पुष्कळदा खुणा करतो. झऱ्याचं पाणी गढूळ येतं, नाहीतर भर पावसात झरा आटतो. विजेचा खांब कलतो. दाराची चौकट आवळते आणि दार लागेनासं होतं. आमच्या म्हाताऱ्यांना या खुणा कळतात. त्या कळवायच्या कोणाला, हे कोणी सांगितलेलं नाही.

आणि हाच काळ आवणीचा. हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून समजत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. जुलैत माणूस दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भात लावतो, संध्याकाळी चुलीपुढे अंग शेकतो आणि दगडासारखा पडतो. याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या दाराला नोटीस चिकटते : धोकादायक ठिकाणच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. आवणी सोडून जायचं म्हणजे वर्षाचा भात सोडायचा. बैल, शेळ्या, कोंबड्या कोणाकडे टाकायच्या? आणि सुरक्षित स्थळ कुठलं? आमच्या बाबतीत ती खालच्या शाळेची खोली. तिची कौलं गळतात, किल्ली गुरुजींकडे असते आणि गुरुजी तालुक्याला राहतात. त्यांचा दोष नाही, त्यांना इथे राहायला खोलीच नाही.

लोक हलत नाहीत, हट्टी आहेत, असं अधिकारी वाहिन्यांवर बोलतात. जनावरांसकट राहता येईल अशी कोरडी जागा दाखवा आणि मग बघा कोण हलत नाही ते.

पडकईबद्दलही बोललं पाहिजे, कारण माळीणनंतर सगळं खापर आदिवासींच्या शेतीवर फोडायची सोय झाली. उताराला दगडाची ताल, म्हणजे बांध, घालून, हाताने, एकमेकांच्या शेतावर कामाला जाऊन खाचर पाडायची ही जुनी रीत आहे. ताल घालणाऱ्याला ठाऊक असतं की पाणी कुठून काढून द्यायचं. पुढे ती सरकारी योजना झाली आणि डोंगरात यंत्रं चढली. माळीणला नेमकं काय किती कारणीभूत होतं यावर जाणकारांमधे वाद आहेत. मी त्यात पडत नाही. पण यंत्र आमच्या डोंगरात पायवाटेने आलेलं नाही, परवानगीने आलं. रिसॉर्टसाठी आणि फार्महाऊसच्या रस्त्यासाठी आजही येतं आहे, आणि त्या खोदाईवर कोणी भूगर्भशास्त्रज्ञ बोट ठेवताना मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं गाऱ्हाणं वनखात्याशी आहे. तुम्ही म्हणाल, दरडीचं पत्र आणि बिबट्या कुठून आला? साहेब, माणसं तीच आहेत.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, की निम्मी वाडी खाली उतरते. धरणाचं पाणी आम्ही वरून बघतो, ते वापरायला मात्र आम्हाला मजूर म्हणून पूर्वेकडे जावं लागतं. कांदा, टोमॅटो, ऊस, मिळेल ते काम. मुक्काम बागायतदाराच्या बांधावर, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत. शेजारी मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या. कोपीला दार नसतं. संडास नसतो. आणि चार पावलांवर उभा ऊस, ज्यात बिबट्याच्या मादीने पिल्लं घातलेली असतात. उसातच जन्मलेल्या बिबट्याला जंगल माहीत नाही, त्याचं घर तेच.

जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत, 233 गावं बिबट आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली आहेत. चांगलं झालं. पण इथेही यादी गावांची. फ्लेक्स गावठाणात लागतो, जनजागृतीची सभा देवळासमोर होते, गस्तीची गाडी डांबरी रस्त्याने फिरते. कोपीतली बाई त्या गावची मतदार नाही, तिचं नाव ग्रामसेवकाकडे नाही, आणि दिवस मावळल्यावर परसाकडे बसायला तिला उसाच्या कडेलाच जावं लागतं. बिबट्या उभ्या माणसाला बिचकतो. वाकून गवत कापणारी बाई, खाली बसलेलं माणूस, रांगतं-खेळतं पोर, यांच्यावर तो येतो. माझ्या आशाच्या प्रशिक्षणात ताप, जुलाब, लसीकरण सगळं आहे. बिबट्याचं हे मात्र मला वनरक्षकाने चहा पिता पिता सांगितलं. तो भला माणूस, पण त्याच्या एकट्याकडे इतकी गावं की तो तरी कुठे कुठे पुरणार?

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात काही आठवड्यांच्या आत लहान मुलं आणि एक वृद्धा बिबट्याने मारली. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. जाळपोळ मला मान्य नाही. पण गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांचे फोटो देशभर फिरले, आणि लोक त्यावर हसले, तेव्हा मला हसू आलं नाही.

तरीही मी "सगळे बिबटे मारा" म्हणणाऱ्यांत नाही. "उचला आणि लांब सोडा" म्हणणाऱ्यांतही नाही. 2001 पासून जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचा प्रयोग झाला, आणि अभ्यासकांनी पुढे दाखवलं की त्याने हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी जागी टाकलेलं जनावर बिथरतं. माणूसही बिथरतो, विस्थापितांना विचारा. माणिकडोहच्या निवारा केंद्रात तरी किती बिबटे कोंडणार? नसबंदीचा प्रयोग करायचा तर जरूर करा, त्याला वर्षं लागतील. तोवर रात्रीचं काय, हा प्रश्न आहे.

रात्रीचा प्रश्न अर्धा वनखात्याचा आणि अर्धा विजेचा आहे. शेतीला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते, आणि मग दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात कोण जातं? मालक क्वचित. मजूर जातो, हातात बॅटरी आणि पायात जुनी चप्पल. सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज देऊ असं सरकार म्हणतं आहे. मग 233 गावं आधी घ्या की. आपत्तीप्रवण म्हणून जाहीर करायचं आणि आपत्तीच्याच वेळी त्यांना शेतात पाठवायचं, हा कारभार कुठला?

तिसरं, जे कोणत्याच बैठकीत निघत नाही : सर्पदंश. बिबट्याची बातमी होते, सापाची होत नाही. डोंगरात फुरसं आणि घोणस, खाली सपाटीला नाग, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार. मण्यारीचा दंश पुष्कळदा कळतच नाही. पोर पहाटे पोट दुखतं म्हणून रडत उठतं, घरचे ओवा देतात, आणि उजाडेपर्यंत पापण्या जड व्हायला लागतात. मला आता ती लक्षणं पाहिली की पायाखालची जमीन सरकते. कारण पुढचं सगळं वेळेवर अवलंबून असतं : झोळी करून पायवाटेने खाली आणायचं, 108 ला फोन लावायला रेंज शोधायची, आणि आरोग्य केंद्रात पोचल्यावर लस असली तरी "रिअ‍ॅक्शन आली तर काय" म्हणून पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळणार नाही अशी आशा करायची. केंद्र सरकारने मार्च 2024 मधे सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. आमच्यापर्यंत त्यातलं एक पत्रक आलं नाही.

याच ओघात एक कडू हिशेब मांडते, रागावू नका. आमच्यातलं एखादं माणूस बिबट्याने मारलं तर घरच्यांना 25 लाख. तेच माणूस दरडीखाली गेलं तर आपत्ती निधीच्या नियमाने 4 लाख, वर एखादी घोषणा झाली तर ती. तेच माणूस मण्यारीने गेलं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून 2 लाख, तेही तो शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर असेल किंवा त्याच्या घरातला एक जण म्हणून बसत असेल तर. कोपीतल्या भूमिहीन कातकऱ्याला तेही नाही. 25 लाख कमी करा असं मी म्हणत नाही. एकाच माणसाचे तीन भाव कोणी ठरवले, एवढंच विचारते.

पुनर्वसनाचं थोडक्यात. माळीणवाल्यांना आमड्याला नवी घरं मिळाली, 2 एप्रिल 2017 ला ताब्यात दिली, आणि त्याच जूनमधे पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहून गेला. तेव्हा "कायमचं पुनर्वसन" हा शब्द ऐकला की आमची माणसं गप्प होतात. नकार असतो असं नाही. हिरड्याची झाडं आणि खाचरं चालत जाण्याच्या टप्प्यात राहतील का, आणि जागा आधी एक पावसाळा पाहून ठरवाल का, एवढं त्यांना हवं असतं.

पावसाळ्यात शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचा आदेश एका संध्याकाळीत निघतो. निघू दे, जीव वाचतात. पण एका दिवसासाठी येणाऱ्याच्या जिवासाठी प्रशासन इतकं चपळ होऊ शकतं, तर बारा महिने राहणाऱ्यासाठी ते शिमग्यापर्यंत का थांबतं?

आमच्या मागण्या या :

1. यादी गावनिहाय नको, वस्तीनिहाय करा. प्रत्येक वाडी, ठाकरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा वेगळा धरा. ती दर वर्षी मे अखेर पोलीस पाटील, आशा आणि वाडीतल्या दोन जुन्या माणसांना घेऊन नव्याने करा आणि ग्रामपंचायतीत लावा. भेग, गढूळ झरा, कललेला खांब कोणीही कळवला तर पावसाळ्यात आठ दिवसांत भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा माणूस जागेवर आला पाहिजे. "यादीत नाव नाही" हे उत्तर लेखी बंद करा.

2. मंडळातला पर्जन्यमापक खाली असतो. 65 मिलिमीटरला अतिवृष्टी धरता, ती त्या यंत्रात पडलेली. कड्याखाली त्याहून कितीतरी जास्त कोसळतो. प्रत्येक उंचावरच्या वाडीत साधा पर्जन्यमापक द्या, किती पावसाला वाडी सोडायची तो आकडा ठरवून द्या, आणि त्या आकड्याला आदेशाची वाट न बघता हलायचा अधिकार वाडीला द्या. दरडीच्या अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र 2024 मधे कोलकात्यात सुरू झालं, सुरुवात दार्जिलिंग आणि निलगिरीपासून झाली. सह्याद्रीच्या वाड्यांपर्यंत तो अंदाज मराठीत आणि रेंज नसतानाही पोचेल अशी सोय करा. भोंगा चालेल.

3. निवारा हिवाळ्यात बांधा, जुलैत नोटीस लावू नका. त्यात जनावरांना छप्पर, बायकांना आडोसा आणि किल्ली वाडीतल्याच बाईकडे. हलवलेल्या दिवसांची मजुरी द्या, म्हणजे आवणी आणि जीव यांत निवड करावी लागणार नाही.

4. बिबट्याच्या पट्ट्यात मजुरांच्या कोप्यांची नोंद हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि बागायतदारांकडून घ्या. उसापासून ठरावीक अंतर, दिवा, लागणारं दार, फिरता संडास आणि पोरांसाठी दिवसा पाळणाघर हे त्यांच्यावर बंधनकारक करा. शेतीची वीज दिवसा.

5. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि ती टोचायचा सराव असलेला डॉक्टर रात्रीही. जमिनीवर झोपणाऱ्या घरांना खाट आणि मच्छरदाणी. यापेक्षा स्वस्त इलाज मला माहीत नाही.

6. डोंगरात मेलेल्याची भरपाई एकच. सातबाऱ्याची अट काढा.

7. कड्याखाली यंत्राने खोदाईला परवानगी देण्याआधी खालच्या वाडीच्या ग्रामसभेचा ठराव. त्याशिवाय एकही नाही, रिसॉर्ट कोणाचंही असो.

यातलं काय करणार, काय नाही आणि का नाही, हे मृग लागायच्या आत लेखी कळवा. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि पावसाळापूर्व आढावा बैठकीत एक खुर्ची डोंगरातल्या आशाला द्या. मी यायला तयार आहे. आमच्याकडची पहिली एसटी तालुक्याला पोचून पुढची गाडी मिळेपर्यंत अकरा वाजतात, तेवढी बैठक त्याआधी ठेवू नका.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
भीमाशंकरच्या डोंगरातून